‘कॉस्ट’ शब्दाची विचारपूस

९ फेब्रुवारी

चि. ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. काम निघालं म्हणून लिहितोय. फोन करता आला असता, पण तू "हं, बोला बाबा" म्हणतेस आणि माझ्या तोंडचं सगळं कुठच्या कुठे पळून जातं. आई गेल्यावर तू म्हणालीस, माझ्याकडे राहायला चला. मी नाही म्हणालो. "मग बसा तुमच्या शब्दांना धरून," असं तू म्हणालीस, आणि मी खरोखरच बसलो. तेव्हापासून आपल्या फोनवर हवापाण्याच्या पुढे गाडी सरकत नाही. कागदावर बरं असतं. मधेच कुणी "बरं, ठेवू?" विचारत नाही.

काम असं. गुरुवारी वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये आमचा शब्दांचा तास असतो, ज्याला तू म्हाताऱ्यांची शाळा म्हणायचीस. या खेपेला ‘कॉस्ट’ हा शब्द घेतला होता. मूळ लॅटिन, ‘कॉन्स्टारे’. ‘कॉन’ म्हणजे सोबत आणि ‘स्टारे’ म्हणजे उभं राहणं. हे ‘स्टारे’ आपल्या ‘स्था’ धातूच्याच घरातलं. स्थिर, स्थान ही त्याची इकडची भावंडं. बाजारातली वस्तू अमुक भावाला उभी आहे, असं रोमन माणूस म्हणायचा. वाटेत मधला ‘न’ गळाला, मग शब्द काही शतकं फ्रेंचांकडे राहिला आणि तिथून इंग्रजीत आला.

हे ऐकून शिंपीदादा म्हणाले, "म्हणजे मास्तर, त्यांच्याकडे वस्तू उभी राहते आणि आपल्याकडे पडते! हे कापड कितीला पडलं, असंच विचारतो की आपण."

सगळे हसले. मीही हसलो, पण गप्प बसवेना. त्यांना सांगितलं की आपली ‘किंमत’ अरबीतून आली, आणि तिच्याही मुळाशी उभं राहणंच आहे. ‘कायम’ आणि ‘मुक्काम’ हे तिचे सख्खे नातेवाईक. म्हणजे किंमत उभी आणि तिचं क्रियापद मात्र जमिनीवर पडलेलं. असा संसार फक्त आपल्याच भाषेत चालू शकतो.

माझी अडचण त्या ‘कॉन’ची आहे. सोबत उभं राहायचं ते नेमकं कुणाच्या? कोशात जे दिलंय त्याने माझं समाधान होत नाही. तुझा धंदाच गोष्टी उभ्या राहतात की नाही ते बघण्याचा, म्हणून विचारतो. सवडीने कळव.

बाकी ठीक. ग्रंथपाल बाईंकडून कळलं की मागच्या आठवड्यात तू इथे येऊन गेलीस. नगरपालिकेने इमारत तपासायला बोलावलं होतं म्हणे. मुक्काम स्टेशनाजवळच्या लॉजवर होता, असं समजतं. लॉज चांगला आहे म्हणतात. गाद्या जरा पातळ आहेत.

काल हॉलच्या दारावर तुझ्या सहीचा कागद लागला आणि कुलूप पडलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमचा गुरुवार आता कुठे भरवायचा, एवढाच प्रश्न आहे.

बाबा


१७ फेब्रुवारी

चि. ठमे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. "हॉलमध्ये जाऊ नका. बाहेरून खिडकीपाशीही उभे राहू नका. एकटं काहीच उभं राहत नाही, बाबा. तुळई खांबांवर, खांब पायावर, पाया जमिनीवर. सगळं मिळून उभं असतं, आणि एक सरकलं की बाकीच्यांना त्याचा भार घ्यावा लागतो. तुमचा रोमन माणूस बरोबर बोलला."

पुन्हा पुन्हा वाचलं. गुरुवारी मोठ्याने वाचून दाखवलं. तास आता शिंपीदादांच्या दुकानात भरतो. कापडाच्या ताग्यांवर बसायला मजा येते, फक्त कुणी उठलं की पाठीला दोरे चिकटलेले असतात. तुझा ‘भार घ्यावा लागतो’ सगळ्यांना फार आवडला. मी म्हणालो, मुलीचं आहे. ते म्हणाले, तुमची मुलगी बोलते तर छान. मी मान हलवली.

ग्रंथपाल बाई तुझ्याबद्दल सांगताना थकत नाहीत. तू हॉलमध्ये गेलीस आणि आधी खुर्ची ओढून गप्प बसलीस. बाईंना वाटलं, दमली असेल. मग तू सरळ फरशीवर उताणी झोपलीस आणि छताकडे बघत राहिलीस, ती चहा गार होईपर्यंत. नंतर शिडीवर चढून हातोडीने एकेक तुळई ठोकलीस, कान लावून. बाई म्हणतात, "डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात ना, अगदी तसं." एका तुळईपाशी दोनदा परत आलीस. तिथल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवलीस. बाईंनी कारण विचारलं तर म्हणालीस, "भेग जुनी आणि निजलेली असेल, तर काच तशीच राहील. चालत असेल, तर काच तडकेल. भेग खोटं बोलू शकते, काच नाही."

वरच्या मजल्यावर आलेल्या देणगीच्या पुस्तकांची कपाटं कुठल्या तुळईवर येतात तेही तू विचारलंस म्हणे. त्या कपाटांचं उद्घाटन झालं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. वजनाचा विचार कुणाच्या मनातसुद्धा आला नव्हता.

लोक चिडले आहेत, हे तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. हॉलमध्ये येणारी परीक्षेची मुलं आता नगरपालिकेच्या जिन्यात बसून अभ्यास करतात. पेपर वाचायला येणारे म्हातारे माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. अध्यक्ष (तेच, दातांचे डॉक्टर) काल रस्त्यात भेटले. "मास्तर, लेकीला जरा समजवा. थोडं मऊ लिहायला सांगा," म्हणाले. मी म्हटलं, तिच्या पत्रात मऊ काही नसतं, मला अनुभव आहे.

बाबा


२ मार्च

चि. ठमे,

तू सांगितलंस तसा मी खिडकीपाशी उभा राहिलो नाही. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभा राहिलो. शिंपीदादांनी त्यांच्या मेव्हण्याची पक्षी बघायची दुर्बीण आणली. दोन म्हातारे दुर्बीण लावून बंद वाचनालयात डोकावतायत, हे बघून टपरीवाल्याने आमच्याकडून चहाचे पैसे आधीच मागून घेतले.

काच तडकली आहे. आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांतलं काही असेल. दुर्बीण शिंपीदादांना दिली. त्यांची नजर सुईत दोरा ओवणारी. बराच वेळ बघून ते म्हणाले, "मास्तर, मधोमध. वरपासून खालपर्यंत."

बाईंनी तुझ्या ऑफिसला कळवलं आहे. तू आता दुसऱ्या कामावर लांब आहेस, असं तिकडून सांगितलं.

उद्या कार्यकारिणीची सभा आहे.

बाबा


४ मार्च

चि. ठमे,

सभा झाली. बरी झाली. चहा गोड होता.

थंडी कमी होतेय. तुझ्याकडे कशी आहे?

बाबा


१२ मार्च

चि. ठमे,

म्हणजे बाईंनी तुला सगळं सांगितलं. बाईंना पुस्तकं सांभाळता येतात, तोंड नाही. तुझं रागाचं पत्र आलं, आणि या खेपेला ते पानभर आहे, याचा मला आनंदच झाला. आता अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

सभा नगरपालिकेच्या वरच्या खोलीत होती. परीक्षेची मुलं मागे बसली होती. अध्यक्षांनी आधीच ठरवून आणलं होतं: भेगांना गिलावा, वर रंग, आणि हॉल उघडायचा. त्यासाठी दुसरा इंजिनिअर बोलवायचा, "जरा समजूतदार" बघून. तशी मागणी करणारं पत्र नगरपालिकेला द्यायचं, कार्यकारिणीच्या एकमताने. कागद फिरत फिरत माझ्यापाशी आला.

मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

"का हो मास्तर?"

"काच तडकली आहे."

"कुठली काच?"

मी सांगितलं. दुर्बिणीचं सांगितलं तेव्हा मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमची अडचण आम्ही समजतो. मुलगी तुमची आहे."

ठमे, मी ओरडणारा माणूस नाही, हे तू जाणतेस. आवाज न चढवता म्हणालो, "मुलगी माझी आहे. पण ती माझ्याशी फारशी बोलत नाही. या शहरात कामाला आली तेव्हा माझ्याकडे पाणी प्यायलाही आली नाही. तेव्हा तिची भीड मला पडायचं काही कारण नाही. मी काचेबद्दल बोलतोय."

मला वाईट वाटलं, घरातलं असं चारचौघांत काढल्याचं. पण ते खरं होतं आणि त्या वेळी उपयोगी होतं.

अध्यक्ष जरा मवाळ झाले. "अहो, पण कॉस्ट बघा ना. कपाटं हलवायची, तुळया बदलायच्या. कॉस्टचा विचार नको करायला?"

आणि मला राहवलं नाही. मी त्यांना कॉस्टचा अर्थ सांगायला लागलो. भर सभेत, लॅटिनपासून. ‘कॉन’ आलं, ‘स्टारे’ आलं, तुझ्या पत्रातला भारसुद्धा आला. म्हणालो, एक सरकलं की बाकीच्यांना भार घ्यावा लागतो. आज तो भार त्या तुळईखाली जो बसेल तो घेणार आहे, आणि तो बिचारा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असेल. चांगलं चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आज मंगळवार. गुरुवारी या." मग जो हशा उसळला त्यात माझा फ्रेंच भाग राहूनच गेला.

पत्र बहुमताने गेलं. कार्यकारिणीतून माझं नाव गेलं. ‘शब्दांचा तास’ अशी पाटी होती ती बाईंनी उतरवून स्वतःच्या टेबलाखाली ठेवली आहे. यातलं काही तुला कळवायचं नव्हतं, कारण तुला वाटलं असतं, बाबांना माझ्यापायी त्रास झाला. तुझ्यापायी नाही झाला. काच मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

आता बाईंनाही माहीत नाही ते सांगतो. मी जिना उतरत होतो, तर मागून एक मुलगी धावत आली. जिन्यात बसून वाचणाऱ्यांतली, हाताला पेनाचे डाग.

"सर, काच खरंच तडकली आहे?"

मी म्हटलं, "माझ्यावर कशाला विश्वास ठेवतेस? स्वतः बघ." आणि खिशातली दुर्बीण तिला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर रांग होती. ती सगळी परीक्षेची पोरं एकामागून एक दुर्बीण लावत होती. टपरीवाल्याने आता कुणाकडेच आधी पैसे मागितले नाहीत, इतकी विक्री झाली. दुपारी ती मुलं अध्यक्षांच्या दवाखान्यात गेली. म्हणाली, "दुसरा इंजिनिअर आणायचा तर आणा, पण आम्ही तिथे हजर राहणार. त्याने आतून बघितल्याशिवाय आम्ही हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही." त्या वेळी अध्यक्ष कुणाचातरी दात काढत होते. नाही म्हणायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

रागावू नकोस. तब्येत चांगली आहे.

बाबा


३० मार्च

चि. ठमे,

काल दुसरे इंजिनिअर येऊन गेले. तू ऑफिसच्या मार्गाने सगळं ऐकशीलच, पण कागदावर जे येणार नाही ते मी लिहितो.

गृहस्थ वयस्कर, पांढऱ्या मिशांचे, जरा घाईत. अध्यक्षांनी त्यांना दारातच बाजूला घेतलं. आम्ही सगळे रस्त्यापलीकडे. ती पेनाच्या डागांची मुलगी तेवढी बाईंबरोबर दारापर्यंत गेली. गृहस्थांनी टॉर्च फिरवला. "वरवर तर बरं दिसतंय," म्हणाले.

मुलगी म्हणाली, "काका, आतून बघा ना."

त्यांनी सगळ्यांना दाराबाहेर थांबवलं, शिडी मागवली, छिन्नी घेतली. दोन ठोक्यांत गिलाव्याचा मोठा पापुद्रा खाली आला. आतली सळई त्यांनी चिमटीत धरली. बाई सांगतात की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी ती हातात आली. गृहस्थ शिडीवरून उतरले ते घाईने उतरले. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "सगळे रस्त्यापलीकडे चला. आत्ता." अध्यक्षांना दंडाला धरून ओढतच आणलं.

मग विचारलं, "हा हॉल बंद कुणी केला होता?"

अध्यक्ष म्हणाले, "आमच्या मास्तरांच्या मुलीने." आमच्या! मी शिंपीदादांकडे बघितलं, शिंपीदादांनी आभाळाकडे.

"तिने गिलावा फोडला होता?"

"नाही."

"मग ओळखलं कशावरून?"

बाईंनी मग सगळं सांगितलं, फरशीवर झोपण्यापासून काचेपर्यंत. गृहस्थांनी तुझा रिपोर्ट मागून घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्या उभ्या पूर्ण वाचला. घाई होती ती कुठे गेली कोण जाणे. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले आणि म्हणाले, "हिच्या वयात मी हा हॉल पास केला असता." हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नाही. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

ठमे, मी मुलांना शिकवण्यात जन्म घालवला. हुशार मुलं पुष्कळ बघितली. ज्यांना बरोबर उत्तर येतं अशीही पुष्कळ. पण सगळं शहर ओरडत असताना, आपण तिथे नसताना, लिहिलेल्यातला एक शब्द मागे न घेणारी फार थोडी. तुझा रिपोर्ट मीही वाचला. बाईंनी गुपचूप दाखवला. त्यात एकही विशेषण नाही. मी तपासला असता तर पैकीच्या पैकी दिले असते, आणि मी कुणाला देत नाही.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. बराच वेळ बसले. "मास्तर, फार महागात पडलं असतं," म्हणाले. मी व्युत्पत्ती सांगितली नाही. चहा केला.

टेकू लावायचं काम तुझ्याच देखरेखीखाली होणार, असं ऐकतो. तारीख कळली की सांग. जागा झाडून ठेवीन. सांगण्यासारखं नवीन काही नाही, गाद्या आपल्या पूर्वीच्याच आहेत.

बाबा


६ मे

ठमे,

तू सकाळच्या गाडीने गेलीस आणि मी हे लिहायला बसलो. इतके दिवस समोर होतीस, तेव्हा बोलायचं. पण तुझं तोंडावर कौतुक करायला गेलो की माझ्याकडून भाजीचा भाव निघतो. आईने यावरून मला आयुष्यभर चिडवलं.

आलीस त्या दिवशी दारात बॅग ठेवून तू "बाबा, पाणी" म्हणालीस, तेव्हा मला पेला सापडेना. स्वतःच्या स्वयंपाकघरात. तू हसली नाहीस, हे माझ्या लक्षात आहे.

मला सांगायचंय ते कालचं. मी तुला कामावर कधी पाहिलंच नव्हतं. परीक्षेचा निकाल पाहिला, नोकरीचं पत्र पाहिलं, डोक्यावर हेल्मेट घातलेला फोटो आईने फ्रिजवर लावला होता तो पाहिला. पण काम करताना, कधी नाही. काल दोरीच्या अलीकडे सगळं शहर जमलं होतं आणि मीही त्यांच्यातच होतो. थोडा पुढे सरकलो, तर तू लांबून ओरडलीस, "बाबा, मागे व्हा!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका अभिमान मला निवृत्तीच्या शालीनेही वाटला नव्हता.

मग तू टेप काढलास. शिंपीदादा माझ्या कानात म्हणाले, "धरलाय कसा बघा. टेपाला झोळ नाही. धंद्यातली बाई आहे." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

लोखंडी टेकू उभे झाले. खालचा जॅक फिरवायला वेल्डर बसला. बाकी सगळ्यांना तू बाहेर काढलंस आणि स्वतः आत राहिलीस. उघड्या दारातून दिसलं, टेकूवर तळहात ठेवलास आणि डोळे मिटलेस. वेल्डर हळूहळू फिरवत होता, तू मान हलवत होतीस. बाहेर टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज येत होता.

अध्यक्षांनी विचारलं, "काय करतेय ती?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही हो. पण ती हात काढत नाही तोवर मी इथून हलणार नाही."

ते माझ्या शेजारी उभे राहिले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग वरून बारीक करकर आली. तू मान वर केलीस, जरा ऐकलंस, वेल्डरला हाताने थांबवलंस. तळहात काढून पँटला पुसलास. आणि वेल्डर काहीतरी बोलला त्यावर खळखळून हसलीस.

तो काय बोलला, ते विचारायचं राहिलं. घरी आल्यावर तू दमली होतीस, जेवून लगेच झोपलीस. पण ते हसू घेऊन मी बसलो आहे. घरातलं तुझं हसू मला माहीत आहे, शाळेतलं माहीत आहे, लग्नाला नकार देतानाचं तर फारच चांगलं माहीत आहे. हे त्यांतलं एकही नव्हतं. एवढं मोठं छत टेकूवर बसवून मग हसणारं माणूस माझ्या घरात वाढलं आणि मला ते काल दोरीपलीकडून दिसलं.

तुझं पुढचं काम कुठे आहे ते कळव. लांब असलं तरी चालेल, गाडीचं तिकीट मी काढीन. मधे मधे येणार नाही. हेल्मेट तेवढं एक जादा ठेव.

बाबा